ब्रिटिश युद्धचित्रकथा : शौर्य आणि सत्य

आमच्या शाळकरी वयात, १९८०च्या सुमारास, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात 'कमांडो' नावाच्या इंग्रजी चित्रकथा मिळत. तळहातात मावणारी पुस्तिका, रंगीत मुखपृष्ठ आणि आत काळीपांढरी चित्रे. आमचे इंग्रजी बेताचेच. पण चित्रांमुळे काही अडत नसे. 'आख्टुंग' हा जर्मन शब्द आम्ही नकाशात जर्मनी शोधण्यापूर्वीच शिकलो. वडीलधाऱ्यांना हे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. वस्तुतः या पुस्तिकांचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. रणांगणावरून परतलेले कित्येक ब्रिटिश बाप घरी त्याविषयी मौन पाळीत; मुलांचे कुतूहल मात्र जागे होते. अशा काळात, सप्टेंबर १९५८ मध्ये, लंडनच्या अमॅल्गमेटेड प्रेसने 'वॉर पिक्चर लायब्ररी' सुरू केली. दर पुस्तिकेत ६४ पाने आणि एक संपूर्ण कथा. पाठोपाठ स्कॉटलंडमधील डंडी येथील डी. सी. थॉमसन या संस्थेने जुलै १९६१ मध्ये 'कमांडो' काढले. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तरुणांना बोलावणे १९६०च्या अखेरीस थांबले होते. युद्ध न पाहिलेली पिढी आता ते चित्रांतून पाहणार होती. लेखकांपैकी काही जण स्वतः सैन्यात राहिलेले होते. चित्रकारांत स्पॅनिश आणि इटालियनही होते. पुढे जगप्रसिद्ध झालेले ह्युगो प्रात यांनीही 'वॉर पिक्चर लायब्ररी'साठी चित्रे काढली. कालच्या शत्रुराष्ट्रातला कलावंत इंग्रज मुलांसाठी युद्धकथा रेखाटीत होता!

या कथांची मोहिनी केवळ बंदुकांत नव्हती. भित्रा म्हणून हिणवला गेलेला सैनिक ऐन वेळी धीराने उभा राहतो, एकमेकांचा द्वेष करणारे दोघे संकटात मित्र होतात, क्वचित एखादा जर्मन अधिकारीही सचोटीचा निघतो. धैर्य, मैत्री आणि प्रायश्चित्त यांची ओढ कोणत्या बालमनाला नसते?

परंतु यात काहीतरी राहून जात होते. आमच्या गावी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. पुस्तिका हाती घेऊन आम्ही त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारलेत?" त्यांनी पुस्तिका चाळली, परत दिली आणि पेरू काढून आमच्या हातावर ठेवले. उत्तर दिले नाही. त्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही वाचलेल्या पुस्तिकांत मात्र आमच्यासारख्या चेहऱ्याचा नायक आम्हांस आढळला नाही. आणि आजोबांचे ते मौनही नाही.

त्या मौनाला वाचा फोडली ती एका चित्रकथेनेच. 'बॅटल' हे साप्ताहिक मार्च १९७५ मध्ये निघाले. त्यात जानेवारी १९७९ पासून पॅट मिल्स यांनी लिहिलेली आणि जो कोल्हून यांनी रेखाटलेली 'चार्लीज वॉर' ही मालिका येऊ लागली. काळ पहिल्या महायुद्धाचा. चार्ली बोर्न हा लंडनमधील गरीब घरचा सोळा वर्षांचा मुलगा वय खोटे सांगून भरती होतो आणि सोमच्या लढाईत पोहोचतो. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मरण पावले. चार्लीच्या जिवलग मित्रावर तोफगोळा पडतो तेव्हा त्याचे अवशेष तो पोत्यात गोळा करतो. माघार घेतल्याबद्दल एका अधिकाऱ्याला आपल्याच सैनिकांकरवी गोळ्या घातल्या जातात. त्या कामास नकार देणाऱ्या चार्लीलाही शिक्षा भोगावी लागते. हे कल्पित असले तरी निराधार नव्हते. त्या युद्धात अशा रीतीने देहदंड दिलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ साली क्षमा जाहीर केली. मिल्स यांनी आपले लेखन संपवले ते १९३३ सालात: चार्ली बेकार आहे, आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आहे.

'बॅटल' १९८८ मध्ये दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झाले. 'कमांडो'ने मात्र २०१७ साली पाच हजारावा अंक गाठला. शौर्यकथेची भूक मोठी असते, आणि ती वाईटही नव्हे. आज मुलांच्या हाती पुस्तिकेऐवजी पडद्यावरचे युद्धखेळ आहेत. आईबापांनी ते हिसकावून घेण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते. मुलाशेजारी बसावे आणि विचारावे: तो पडलेला माणूस कोण? त्याच्या घरी कोण वाट पाहत असेल? एवढा प्रश्न मनात रुजला, तर शौर्याची आवड राहील आणि युद्धाची हौस राहणार नाही.