राजे, चित्रकार आणि नाती

भिलाईचे नाव काढले की डोळ्यांसमोर येतो तो पोलादाचा कारखाना, त्याच्या भट्ट्या आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून येऊन तेथे वसलेली माणसे. परंतु हा दुर्गचा आणि एकंदर छत्तीसगडचा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. कंपनी सरकारने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये एवढे विस्तीर्ण राज्य खालसा झाले. मांडीवर घेतलेले एक मूल मान्य होणे किंवा न होणे, यावर राज्ये टिकत वा बुडत, असा तो काळ होता. पुढे १८५७ च्या उत्पातानंतर इंग्रजांचे धोरण पालटले, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या आणि वाचलेल्या राजघराण्यांना आपली परंपरा अखंड आहे, हे जगाला दाखविण्याची निकड भासू लागली. दरबारच्या भिंतींवर पूर्वजांच्या आणि वारसांच्या पुरुषभर उंचीच्या तसबिरी लागल्या त्या याच काळात.

त्या तसबिरी रंगविणाऱ्यांत राजा रविवर्मा यांचे नाव सर्वांत मोठे. आपण त्यांना ओळखतो ते लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांमुळे. आज मला सांगावयाचे आहे ते राजघराण्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांविषयी. कारण हा चित्रकार राजांचा आश्रित तर होताच, परंतु त्यांचा सोयराही होता.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ सालचा, त्रावणकोर संस्थानातील किळिमानूरचा. या घराण्यातील पुरुष त्रावणकोरच्या राजकन्यांशी विवाह करीत. पण राजवंश चाले तो आईकडून. तेथे राजाचा वारस त्याचा पुत्र नव्हे, तर बहिणीचा पुत्र. बाप हा मुलांच्या घरी जणू पाहुणा. राजकुळात मुली नसल्या की मुली दत्तक घ्याव्या लागत, ही गोष्ट आपल्याकडील श्रोत्यांना नवलाची वाटेल. १८५७ मध्ये मावेलिक्करच्या घराण्यातील लक्ष्मीबाई अशाच दत्तक आल्या आणि राणी झाल्या. त्यांची धाकटी बहीण भागीरथीबाई १८६६ मध्ये रविवर्म्यांची पत्नी झाली. म्हणजे चित्रकार राणीचा मेहुणा झाला.

या सोयरिकीने मान मिळाला, तसा पेचही आला. तरुण रविवर्म्यांना महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी आश्रय दिला होता. त्याच महाराजांनी १८७५ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचे पती, विद्वान कवी केरळवर्मा यांना बंदीत टाकले. राणीने पतीचा त्याग केला नाही. ती पाच वर्षे वाट पाहत राहिली. एकीकडे आश्रयदाता, दुसरीकडे बायकोच्या बहिणीचे दुःख! १८८० मध्ये महाराज वारले, केरळवर्मा सुटले. पण नव्या महाराजांची मर्जी रविवर्म्यांवर बसली नाही. आप्तांच्याच दरबारात जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी बाहेरची वाट धरली.

ती वाट दाखविली एका मराठीभाषक मुत्सद्द्याने. तंजावरकडचे सर टी. माधवराव हे पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि आता बडोद्याचे. मल्हारराव गायकवाड १८७५ मध्ये पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी नाशिककडील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले होते. तेच सयाजीराव. १८८१ च्या डिसेंबरात त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या अठरा वर्षांच्या महाराजांची आणि तंजावरच्या मोहिते घराण्यातून आलेल्या पहिल्या चिमणाबाईंची चित्रे त्यांनी रंगविली. चिमणाबाई १८८५ मध्येच निवर्तल्या. रत्नांची झळाळी आणि जरीचा पोत दाखविण्यात रविवर्म्यांचा हात कोणी धरला नसेल. पण त्यांच्या तसबिरीतील माणूस दागिन्यांखाली सहसा दबत नाही, आणि माझ्या मते यातच त्यांचे यश आहे.

सयाजीरावांनी त्यांना दरबारी नोकर केले नाही, काम दिले. १८८८ मध्ये पुराणांतील चौदा प्रसंगांची चित्रे सांगितली. मोबदला ५०,००० रुपये. पौराणिक स्त्रियांना वस्त्रे कोणती द्यावीत, हे ठरविण्यासाठी रविवर्मा आपले बंधू राजराजवर्मा यांना घेऊन उत्तर हिंदुस्थान हिंडले. ही चित्रे पाहावयास सामान्य जन लोटले. चित्रांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे माधवरावांनी १८८४ मध्येच सुचविले होते. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. धंदा म्हणून तो बुडीतच निघाला आणि शेवटी विकावा लागला. राजांकडून मिळविले ते देवांच्या चित्रांत गेले, असे कोणी थट्टेने म्हटले तर ते फारसे खोटे नाही.

या सगळ्या भ्रमंतीत घर मात्र दूर राहिले. १८९१ मध्ये पत्नी वारली. १८९३ मध्ये रविवर्म्यांनी आपली कन्या महाप्रभा हिचे चित्र रंगविले. कडेवर मूल घेऊन ती उभी आहे आणि चौकटीबाहेरून येणाऱ्या बापाकडे मुलाचे लक्ष वेधीत आहे. चित्राचे नावच मुळी ‘ते पाहा, बाबा आले’ अशा अर्थाचे. मातृवंशाच्या त्या मुलखात, जन्मभर फिरतीवर असलेल्या बापाने हा विषय निवडावा, हे मला राजांच्या सगळ्या तसबिरींपेक्षा अधिक बोलके वाटते. बाप चित्रात नाही.

पुढे सात वर्षांनी, १९०० मध्ये, त्रावणकोरच्या राजकुळात पुन्हा मुलींची उणीव पडली. राणी लक्ष्मीबाईंनी आपल्या बहिणीच्या दोन नाती दत्तक घेतल्या : महाप्रभेची सेतुलक्ष्मी आणि धाकट्या कन्येची सेतुपार्वती. दोघी चारपाच वर्षांच्या. दुसऱ्यांचे वारस रंगविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याच घरातील लेकरे आता राजाला वारस देण्यासाठी राजवाड्यात गेली. दुसऱ्याच वर्षी राणी वारली आणि चिमुकली सेतुलक्ष्मी थोरली राणी झाली. १९०५ मध्ये राजराजवर्मा गेले; १९०६ च्या २ ऑक्टोबरला स्वतः रविवर्म्यांनी किळिमानूर येथे देह ठेवला.

सेतुलक्ष्मीबाईंनी १९२४ ते १९३१ राज्य सांभाळले. सेतुपार्वतीबाईंचे पुत्र चित्तिर तिरुनाळ हे त्रावणकोरचे अखेरचे महाराज. १९३६ मध्ये त्यांनी संस्थानातील देवळे अस्पृश्य मानलेल्यांना खुली केली. त्यांच्या पणजोबांच्या छापखान्यातील चित्रांचे देव त्याआधी चाळीसएक वर्षांपासूनच, देवळाची पायरी चढू न दिलेल्यांच्या घरांतही भिंतीवर येऊन बसू लागले होते.