'कॅन'ला 'एस' का लागत नाही?

'ही गोज', 'ही कम्स' हे शिकवून झाले की वर्गातले एखादे मूल वहीत 'ही कॅन्स' लिहितेच. आपण त्यावर लाल रेघ मारतो, 'हा अपवाद आहे' असे सांगतो आणि पुढे जातो. खरे तर त्या मुलाने नियम बरोबरच लावलेला असतो. भाषा हा काही आमचा विषय नव्हे; पण अपवाद दिसला की कारण शोधायची खोड आहे. म्हणून आम्ही इंग्रजीच्या नात्यातल्या स्कँडिनेव्हियन भाषांत डोकावलो.

स्वीडिशमध्ये 'तो येतो' म्हणजे 'हान कोम्मेर'. शेवटचा 'र' वर्तमानकाळाचा. पण 'तो करू शकतो' याला 'हान कान', 'तो जाणतो' याला 'हान वेत'. 'र' गायब! आता 'तो आला' कसे म्हणतात पाहा : 'हान कोम'. इथेही 'र' नाही. म्हणजे 'कान' आणि 'वेत' यांचा साचा भूतकाळाचा, अर्थ मात्र वर्तमानाचा.

असे कसे झाले? उत्तराचा धागा संस्कृतात सापडतो. 'वदति', 'गच्छति' यांत 'ति' आहे, पण 'जाणतो' या अर्थाच्या 'वेद' या रूपात नाही. त्याला लागलेले प्रत्यय परोक्ष भूतकाळाचे. पाणिनीनेही याची नोंद घेतली आहे. मूळ धातूचा अर्थ 'पाहणे' असा होता. लॅटिनमध्ये तो तसाच राहिला. ज्याने पाहिले, त्याला माहीत असते! आपणही 'मला भूक लागली' असे म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे असते, पण भूक आत्ताचीच.

जुन्या नॉर्स भाषेत 'जाणतो' म्हणजे 'वेइत' आणि 'आम्ही जाणतो' म्हणजे 'वितुम'. संस्कृतात 'वेद' आणि 'विद्म'. अनेकवचनात स्वर बदलतो, तोही सारखाच. हा योगायोग नव्हे, एकाच पूर्वज भाषेचा वारसा आहे.

'कान' हा आपल्या 'ज्ञा' धातूचा भाऊबंद. स्वीडिश माणूस आजही 'याग कान स्वेन्स्का' म्हणतो, म्हणजे 'मला स्वीडिश येते'. जे कळले ते जमते, अशी अर्थाची वाटचाल. (आपल्याकडे भाषाही 'येते' आणि पोहताही 'येते'.) 'शॅल'चा भाऊ 'स्का' अधिक गमतीचा. त्याचे जुने रूप 'स्कल', मूळ अर्थ 'देणे लागतो'. त्याच मुळाचा 'स्कुल्द' हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी वापरात आहे. नॉर्स पुराणकथांतल्या तीन नियती-देवतांपैकी एकीचे नावही स्कुल्दच. फेडायचे आहे ते करायचे आहे, आणि करायचे आहे ते पुढे घडणार आहे : असा तो शब्द भविष्याकडे सरकला. 'विल'चा भाऊ 'विल्' मात्र या पंगतीतला नाही. तो इच्छा दाखवणाऱ्या निराळ्या रूपातून आला.

आणि ही जुनी खोड मोडलेली नाही. मध्ययुगात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांबरोबर त्यांच्या बोलीतला 'मोस्ते' हा शब्द स्वीडिशमध्ये शिरला. मूळ अर्थ 'करावे लागले'. आज स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ 'केलेच पाहिजे' असाही होतो. इंग्रजी 'मस्ट'ही एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूपच आहे. त्यालाही 'एस' लागत नाही.