भरतीच्या टोकाचं गाव

आमचं गाव अष्टमी. कुंडलिकेच्या उत्तर काठावर आम्ही, दक्षिणेला रोहा, मधे पूल. परगावच्या माणसाला मी गाव 'रोहा' म्हणूनच सांगतो. अष्टमी म्हटलं की तो तिथी मोजायला लागतो. पण 1866 सालच्या आमच्या नगरपालिकेच्या पाटीवर नावं दोन्ही आहेत, रोहा-अष्टमी.

हे गाव नेमकं इथंच का वसलं, असं लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं. ते मला नदीवर घेऊन गेले. म्हणाले, "भरती कुठवर येते बघ." रेवदंड्याच्या मुखातून आत शिरलेलं पाणी मचव्याला इथवर आणून सोडायचं. पुढे नदी उथळ आणि खडकाळ. म्हणजे मचवा इथं रिकामा करायचा आणि माल बैलाच्या पाठीवर चढवायचा. जिथं माल उतरतो तिथं हमाल लागतो, वखार लागते, भटारखाना लागतो. गाव असं जमत गेलं.

याचा जुना दाखलाही आहे. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाला निघाला. चौलहून तो होडीनं खाडी चढून अष्टमीला उतरला आणि पुढे निजामपूर, गांगवलीवरून पाचाडला पोहोचला. इंग्रजी लिखाणात आमच्या गावाचं 'एस्थेमी' झालं आहे. पण होडी सोडायची जागा हीच.

मात्र बंदर नुसत्या वाटसरूंवर जगत नाही. त्याला माल लागतो. आमच्या बंदराचा माल म्हणजे भात. इथून गलबतं भरून भात-तांदूळ मुंबईला जायचा. आणि त्यातलं पुष्कळ भात पिकायचं अशा जमिनीत, जी आधी जमीनच नव्हती.

माझं आजोळ खाडीच्या खालच्या अंगाला, खारेपाटात. तिथली शेतं खाजणातून काढलेली. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः पेण भागात, याला शिलोत्री म्हणत. ऐपतदार माणूस सरकारकडून खाजण घ्यायचा, कुळं आणून बसवायचा, खाडीच्या बाजूला चिखलाचा बाहेरकाठा घालायचा. हा शिलोत्रदार. काठ्याच्या डागडुजीसाठी तो बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचा. बांध झाला तरी लगेच पीक नाही. दोनचार पावसाळे गोडं पाणी साठवून, उघाडीतून सोडून देऊन मीठ धुवायचं. मग मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं. खारं सोसणारं राता भात यायचं. घरापुढच्या तळ्यात जिताडा पाळायचा. पहिली पिढी बांधात खपली, दुसरीनं पेज प्यायली, तिसरीनं भात विकलं, असं आजी सांगायची.

दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर. खेकड्यांची बिळं बुजवायची, खचलेल्या जागी चिखलाचे गोळे थापायचे. जो येणार नाही त्याला दंड. एकदा मी आजीला विचारलं, "आपलं गाव कधी वसलं गं?" ती म्हणाली, "गाव काय एकदा वसून र्‍हात नाय बाला. दरसाल वसवावा लागतो."

1948 साली खारजमिनींचा कायदा झाला आणि बांध हळूहळू सरकारी झाले. त्यात चूक नव्हती. मोठ्या उधाणापुढं गरिबाचा चिखल टिकत नव्हता. पण बांध सरकारचा झाल्यावर बिळं कुणाची, हे ठरलं नाही. तोवर पोरं मुंबईला गेली, नंतर धाटावच्या कारखान्यांत लागली. त्यांत मीही होतो.

एका श्रावणात उधाणाला बाहेरकाठ्याला खांड गेली. मामाचा निरोप आला, "माणसं घेऊन ये." माझी पाळी होती, रजा मिळेना. खरं सांगायचं तर मी मागितलीच नाही. वाटलं, अर्ज दिलाय, करतील. मामा कचेरीत खेपा घालत राहिला. खांड रुंदावत गेली. दुसऱ्या वर्षी शेतात भात नव्हतं, पाचव्या वर्षी तिवरं उगवली. पुढे 2005 साली उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी केली. तेही बरोबरच. तिवरंच बांधाला लाटांपासून राखतात. पण मामाच्या सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल, असं होऊन बसलं.

मामा आता नाही. मागल्या वर्षी मामेभाऊ म्हणाला, "जमीन घ्यायला गिऱ्हाईक आलंय, सही करशील का?" आईच्या वाट्यामुळं माझंही नाव त्यात आहे. मी गेलो. आम्ही दोघं उरल्यासुरल्या काठ्यावरून चाललो. पलीकडे वीसेक बिघे अजून पिकतात. ते राखणारी चार म्हातारी माणसं घमेली घेऊन बिळं बुजवत होती. त्यांतल्या एकानं आमच्याकडं पाहिलं, पण काही बोलला नाही.

सही मी अजून केलेली नाही. या वैशाखात चार दिवस काढून घमेलं उचलायला गेलो. पाठ धरली. पण निदान बिळं किती असतात ते कळलं.