वृद्धांमधील लैंगिक संसर्गांचे निदान

साठीपुढच्या व्यक्तीला शरीरसंबंधातून झालेला आजार ओळखणे. बोलीत हे आजार म्हणजे 'गुप्तरोग'. उपदंशाला जुनी माणसे 'गरमी' म्हणतात, पूयप्रमेहाला 'परमा'. चाचण्या तरुणांसाठी असतात त्याच. अडते ते विचारण्यापाशी.

घोडेगाव (ता. नेवासे, जि. अहिल्यानगर) हे संभाजीनगर रस्त्यावरचे, म्हशींच्या बाजारासाठी नावाजलेले गाव. अशा गावात म्हातारे माणूस दवाखान्यात एकटे क्वचितच येते. सोबत मुलगा नाहीतर सून असते, आणि 'लघवीला जळजळ होते' हेही सोबत आलेलेच सांगतात. त्यांना दोन मिनिटे बाहेर बसवणे ही निदानाची पहिली पायरी. ती चुकली की खापर प्रोस्टेटवर, साखरेवर नाहीतर 'वय झालं' यावर फुटते.

लक्षणेही फसवी. पाळी गेल्यावर योनीचे अस्तर पातळ, कोरडे होते. त्यानेही आग होते आणि संसर्गालाही वाट मिळते. सरकारी सुरक्षा क्लिनिकांत लक्षण पाहून औषधांचे रंगीत किट देतात. अंगावरून जाण्याला हिरवे. साठीच्या बाईला न तपासता ते हाती ठेवणे म्हणजे अंदाजपंचे. एचआयव्हीतला थकवा आणि घटणारे वजन वयात खपून जाते. उपदंश मेंदूत उतरला तर विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे दिसते. घरचे म्हणतात, चळ लागला.

उपदंशाच्या रक्तचाचणीत आणखी एक गोम. व्हीडीआरएल म्हातारपणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए करून खात्री करतात. पण टीपीएचए उपचारानंतरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तेव्हा व्हीडीआरएलचे प्रमाण किती आणि तरुणपणी पेनिसिलिनची इंजेक्शने घेतली होती का, हे जुळवावे लागते. एचआयव्ही पुष्कळदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत अवचित सापडतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने या चाचणीलाही संमती लागते, वय कितीही असो.

मोजदादीतही म्हातारे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बायकांना ४९ आणि पुरुषांना ५४ वर्षांपर्यंतच प्रश्न विचारते. याउलट डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या, १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत १३ वर्षांपुढच्या ६५० स्त्रिया तपासल्या, वरची वयोमर्यादा न घालता. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या ८ टक्के.