दारावरचे फूल, दारावरची पाने

पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या मांगरात एक विलीज पिकअप जवळजवळ वीस वर्षे उभी होती. बाबा गेले आणि ती थांबली. हौद्यात सोडणे, खाली कोंबड्या, बॉनेटवर काजूच्या बियांची पोती असा तिचा संसार चालला होता. गेल्या वर्षी धाकट्या भावाने मनावर घेतले. "मुलाच्या लग्नाची वरात हिच्यातून काढू," तो म्हणाला, "पण आधी पत्रा घासून, लांबी भरून झकास रंग मारू." पहिल्या वाक्याला मी होकार दिला, दुसऱ्याला नाही. वाद तिथून सुरू झाला.

ही गाडी आजोबांनी १९५९ साली जुनीच विकत घेतली. त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा या भावाने. त्यामुळे पैसे कुठल्या नाण्यात मोजायचे यावरच सौद्याचे दोन दिवस गेले, असे घरात सांगत. भारताने १९५५ पर्यंत गोव्याची चहूबाजूंनी नाकेबंदी केली होती. पत्रादेवीचा नाका आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण सावंतवाडीच्या बाजारात जाणे अवघड. उलट मार्मागोव्याच्या बंदरात परदेशी माल उतरत होता, कारण डिचोली-सत्तरीकडच्या लोहखनिजाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले होते. आजोबांनी ही गाडी डिचोलीच्या खाणींवर पाण्याची पिंपे आणि कामगारांचा शिधा पोचवायला लावली. आजही हौद्याच्या सांध्यांत बोट घातले तर तांबडी धूळ निघते. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली भागात ट्रकांच्या रांगा गवतात गंजत उभ्या असलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या. आमची गाडी त्यांची थोरली बहीण.

गाडी अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डाव्या बाजूला. पोर्तुगालने १९२८ साली उजवीकडून वाहने हाकण्याचा नियम केला. पण गोव्याची वेस ब्रिटिश हिंदुस्थानला लागून, म्हणून इथे रस्ता डावाच राहिला. परिणामी चालकाला पुढच्या गाडीपलीकडचे काही दिसत नसे. उजवीकडे बसलेल्याने डोके बाहेर काढून सांगायचे, मग चालकाने गाडी बाहेर घ्यायची. बाबा चालवायचे आणि त्या जागी बसायचे माझे मामा. मामा बार्देशातले, शिवोलीचे. नारळ भरून दोघे चोपड्याच्या फेरीतून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जात.

मूळ रंग गडद हिरवा. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना आली, माघार घेताना पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा, शापोरा येथले पूल उडवले, आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. त्यानंतर गाडीला 'जीडी'ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळाला आणि बाबांनी तिला निळा रंग दिला. तोच शेवटचा रंग.

त्या निळ्यावर, दोन्ही दारांवर, एकेक फूल आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची ही खूण. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, संघप्रदेश राहायचे असेल तर दोन पाने. पेडण्यात विलीनीकरणाचे वारे जोरात होते. बाबा भाऊसाहेब बांदोडकरांचे कट्टर अनुयायी, त्यांनी पेंटर बसवून फुले काढून घेतली. मामांचे मत उलट. कौल लागला तेव्हा संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाला १,३८,१७०. त्याच आठवड्यात कधीतरी उजव्या दारावरच्या फुलाशेजारी कुणीतरी किल्लीने पत्र्यापर्यंत खरवडून दोन पाने काढली. कुणी, हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण त्याचा उच्चार कधी झाला नाही. बाबा आणि मामा सहा महिने बोलत नव्हते. त्या काळात म्हापशाच्या वाटेवर बाबा पुढच्या कार्रेरीच्या धुरळ्यात तिच्या मागूनच गाडी हाकत गेले, असे आई सांगे. सांगायला बाजूला कोणी नव्हते.

भावाचे म्हणणे असे : फूल हवे तर ठेवू, बाबांची आठवण आहे, ओरखडे मात्र लांबीने भरू. मी म्हटले, दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही जातील. दफ्तरातले एक पान फाडून उरलेल्याला इतिहास म्हणता येत नाही.

वाद मिटवला आमच्या मेस्त्रीने. "पात्रांव, पयलीं ब्रेक, मागीर रंग," एवढेच तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

त्याचे खरे होते. जुने रूप राखायचे म्हणजे जुने सगळे राखायचे असे नव्हे. जिच्यावर जीव अवलंबून ती प्रत्येक वस्तू नवी हवी. या गाडीला चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच नळी-वाट. एके ठिकाणी गळती झाली की पेडल थेट तळाला जाते. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांतले रबर, सगळ्या नळ्या बदलल्या. टायरांची नक्षी शाबूत होती, पण रबर तडकले होते, तेही गेले. वायरींवरचे कापडी वेष्टण हाताला लागताच गळू लागले. इंजिन अडकले होते. प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडाभर ठेवले, मग हँडल मारून तसूतसूने फिरवले. हे चार सिलिंडरचे 'हरिकेन' इंजिन महिंद्र कंपनीने आपल्या जीपगाड्यांत पुढे कितीतरी वर्षे वापरले, त्यामुळे सुटे भाग आपल्याकडेच मिळाले. पेट्रोलही आता पूर्वीचे नाही. २००० साली त्यातले शिसे गेले, आता इथेनॉल आले. शिशाविना एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजते, इथेनॉल जुने रबर खाते. म्हणून कठीण बैठका बसवल्या आणि पंपाचा पडदा व नळ्या नव्या मालाच्या घातल्या. चेसिस हातोडीने ठोकून पाहिली. दोन ठिकाणी आवाज बद्द आला, तिथले कुजके कापून जाड पत्रा जोडला.

वरच्या पत्र्याला मात्र सँडपेपर लावू दिला नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडके. सुटा गंज तेवढा झाडून त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला आणि वाळू दिला. कोरड्या मुलखात असा पत्रा वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. गंज इथे थांबत नाही, फक्त त्याची चाल मंद करता येते. दरवर्षी मृगाआधी तेलाचा हात द्यावा लागेल, आणि पावसात गाडी मांगरातच.

पासिंगचा प्रश्न उरला. २०२१ च्या केंद्रीय नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खाजगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते; पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यायची, रोजच्या वापराला नाही. भावाला तो मान हवा होता. मला नारळ वाहायचे होते. आम्ही जुन्याच नोंदणीचे नूतनीकरण केले. कागदावर रंग लिहिला होता 'निळा'. तपासणाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हिरवे, तांबडे, करडे पाहिले आणि विचारले, "निळा कुठे आहे?" मी दार दाखवले. "आहे खरा," म्हणून त्याने सही केली.

ओरखड्यांचे काय करायचे ते अजून ठरले नव्हते. भाऊ म्हणाला, "मामांनाच विचारू." मामा आता नव्वदीला टेकलेत. फेरीऐवजी पुलावरून शिवोलीला गेलो. त्यांनी उजव्या दारावरून हात फिरवला. पानांवर बोट थांबले. भावाने विचारले, "मामा, हे भरू का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या बापाकडे रंगाचे पैसे नंतर पुष्कळ आले होते. त्याने हे कधी झाकले नाही." एवढे बोलून त्यांनी दार उघडले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

भावाने लांबीचा डबा परत केला. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. शिवोलीच्या तिठ्याजवळ पुढे एक टेम्पो रखडत चालला होता. मला पलीकडचे काही दिसेना. मामांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

"वच," ते म्हणाले, "रस्तो मोकळो आसा."