चर्चचा ऑर्गन संगीत नाटकात कसा आला?

सांगली म्हटले की आपल्याला १८४३ आठवते. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले, म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन मानतो. त्याच्या आदल्या वर्षी, १८४२ मध्ये, पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ या वाद्यनिर्मात्याने एका नव्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याला नाव दिले हार्मोनियम. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. पुढच्या सत्तर वर्षांत मात्र तो असा जुळला की आज ऑर्गनच्या सुरांवाचून संगीत नाटकाची नांदी आपल्या कल्पनेतही उभी राहत नाही. धागा थोडा लांब आहे, कारण वाटेत अकबरही भेटणार आहे.

सुरुवात खऱ्या, म्हणजे नळ्यांच्या ऑर्गनपासून करू. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. ते ज्याने एकदा प्रत्यक्ष ऐकले, त्याला 'वाद्य' हा शब्द अपुरा वाटू लागतो. लाकडाच्या आणि धातूच्या लहानमोठ्या नळ्यांच्या रांगा उभ्या असतात. भात्याने कोंडलेली हवा वादकाच्या बोटांच्या आज्ञेने नेमक्या नळीत सोडली जाते. नळी जितकी लांब तितका स्वर खर्जातला, आणि सोळा फुटी नळीचा खर्ज कानाआधी छातीला जाणवतो. वादक हातांनी पट्ट्या दाबतो, पायांनीही वेगळ्या पट्ट्या वाजवतो आणि बाजूच्या खुंट्या ओढून ध्वनीचा पोत बदलतो. उंच कमानींच्या वास्तूत शेवटचा स्वर सोडल्यावरही नाद काही काळ छताशी रेंगाळत राहतो. खरे तर ती इमारत हाच त्या वाद्याचा भोपळा!

हे वाद्य मुळात धार्मिक नव्हे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियोस या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन बनवला. रोमन काळात तो आखाड्यांतल्या खेळांच्या वेळी वाजे, आणि आरंभीच्या ख्रिस्ती धर्मगुरूंना वाद्यांचेच वावडे होते. ७५७ मध्ये बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन याला ऑर्गन भेट पाठवला, तोही राजदरबाराचा मानमरातब म्हणूनच. चर्चमध्ये त्याचे बस्तान बसायला आणखी काही शतके जावी लागली. एवढे लक्षात असू द्या. आपल्याकडे ऑर्गन चर्चमधून नाटकगृहात गेला तेव्हा तो भ्रष्ट झाला असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल की तो आपल्या जुन्या घरी परतला.

हिंदुस्थानात ऑर्गन पोर्तुगीजांबरोबर गोव्याला आला. अकबराने हाजी हबीबुल्लाला १५७५ मध्ये गोव्यास धाडले होते, तिकडच्या अपूर्व वस्तू आणि कसब घेऊन येण्यासाठी. त्याने आणलेल्या नवलाईत ऑर्गनही होता. बदायुनी हा इतिहासकार अकबरावर नेहमीच नाराज असे, पण या वाद्याचे वर्णन करताना त्याचेही कुतूहल लपत नाही. माणसाएवढी पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी, बाहेर मोरपिसांच्या पंखांसारख्या भात्यांशी झटणारे दोघे, आणि त्यातून निघणारे तऱ्हेतऱ्हेचे आवाज. दरबार थक्क झाला, आणि तेवढेच. त्या ऑर्गनने हिंदुस्थानी संगीतात कोणतेही स्थान मिळवले नाही. नळ्यांचे ते प्रचंड धूड बैलगाडीवर चढत नाही, आपल्या हवेत त्याचे लाकूड फुगते आणि दुरुस्तीला कारागीर मिळत नाही. वाद्य रुजायचे तर ते उचलून नेता आले पाहिजे.

ती सोय दबँच्या हार्मोनियमने केली. नळ्या गेल्या, त्यांच्या जागी पितळेच्या बारीक जिभा आल्या. हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात आणि स्वर उमटतो. अमेरिकेत याच तत्त्वात एक फेरफार झाला. हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये तो ती आत ओढून घेतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण हवा आत ओढली गेल्यामुळे स्वराची धार कमी होते आणि त्याला गोल, मऊ, किंचित घुमणारा पोत येतो. पायाने भाता चालत असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याने दाबायच्या दांड्यांनी आवाज लहानमोठा करता येतो. खुंट्यांवर नावे मात्र मोठ्या ऑर्गनचीच ठेवलेली. 'व्हॉक्स ह्युमाना', म्हणजे मानवी कंठ, नावाची खुंटी ओढली की आत हवेच्या झोताने एक पंखा फिरू लागतो आणि स्वर कापरा होतो. मानवी कंठ तो काही होत नाही, पण प्रयत्न गोड आहे. बॉस्टनचे मेसन अँड हॅमलिन आणि व्हरमाँटचे एस्टी हे याचे नामांकित कारखानदार. घडी घालून पेटीसारखे उचलता येणारे ऑर्गनही निघाले आणि प्रवासी धर्मोपदेशकांच्या सामानात जाऊन बसले.

आता सातारा-सांगलीकडे वळू. साताऱ्यात आणि वाईत अमेरिकन मराठी मिशनची ठाणी होती. कोल्हापूर, सांगली, मिरज हा टापू अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले ते याच मिशनकडून. या ख्रिस्ती समाजापुढचा पेच संगीताचाच होता. उपासनेत गायचे काय? इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी भाषांतरे गाताना शब्दांचे आघात भलत्याच ठिकाणी पडत. मराठी छंद मात्रांवर चालतो आणि परकी चाल आघातांवर. दोहोंची सांगड घालताना बहुधा भाषाच लंगडते.

या पेचाला खरे उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, ओवी आणि कीर्तन यांना सोडचिठ्ठी दिली नाही. त्यांनी शेकड्यांनी भजने रचली. कीर्तनाचा साज जसाच्या तसा ठेवून ते ख्रिस्ताची कथा सांगू लागले. नगरचे कृष्णराव सांगळे त्यांच्याआधीच या वाटेने गेले होते. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी मनुष्याला परदेशी व्हावे लागत नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता. तो मांडण्यासाठी त्यांनी पगार सोडला, हे विसरू नये. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त हा सातारचा काळ आहे. नसेल वाचला तर धागा अर्धा सोडून तो आधी वाचा, मी रागावणार नाही.

म्हणजे साताऱ्यात अभंग उपासना मंदिरात शिरत होता. त्याच दशकात ऑर्गन त्याच मंदिरातून बाहेर पडून सांगलीच्या माणसांनी लिहिलेल्या नाटकांत जाऊन बसला होता.

भाव्यांच्या नाटकात पद्ये सूत्रधार गाई आणि साथ असे टाळ-मृदंगाची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' केले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. पुढची पिढी सांगलीची. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि टेंबे हे स्वतः त्या काळचे अग्रगण्य हार्मोनियमवादक. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी त्रयी पुढे जमली.

ऑर्गनच का? ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत गायकाचा स्वर पोहोचायचा तर त्याच्यामागे न तुटणारा, भरदार आधार हवा. तंबोऱ्याची आस मोठ्या नाट्यगृहात विरून जाते. हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनवर दोन्ही हातांनी तीन सप्तकांत स्वर भरता येतात, गायक श्वासासाठी थांबला तरी पोकळी पडत नाही, आणि त्याचा मऊ पोत गळ्यावर कुरघोडी करत नाही. चर्चमध्ये समुदायाला सुरात ठेवण्यासाठी जो गुण कामास आला, तोच येथे एकट्या नटाला तोलून धरू लागला.

पण या गोडव्याला एक काटा होता, आणि तो सांगलीच्याच एका गृहस्थाला सर्वांत जास्त बोचला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे नाटककार देवलांचे थोरले बंधू, पेशाने सरकारी अधिकारी, वृत्तीने स्वरशास्त्रज्ञ. पाश्चात्त्य पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. व्यवहाराला ते सोयीचे, पण निसर्गाचा स्वर त्या मापात बसत नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक कानसेनाला खड्यासारखा लागतो. देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्या कंपनसंख्यांच्या गुणोत्तरांत मांडल्या. पडताळ्यासाठी गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आय.सी.एस. अधिकारी देवलांना येऊन मिळाले आणि लंडनच्या कीटली मूर यांनी बारांहून अधिक स्वरांची 'श्रुती हार्मोनियम' सिद्ध केली.

मला हा प्रसंग फार हृद्य वाटतो. एक भाऊ ज्या रंगभूमीसाठी पदे लिहितो, तिथे पेटी निर्वेधपणे नांदते आहे. दुसरा भाऊ त्याच पेटीचे स्वर दुरुस्त करण्यासाठी वर्षानुवर्षे आकडेमोड करतो आहे. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुती हार्मोनियम विद्वानांपुढे आली. तिथे तिच्यावर मोठा वाद झाला आणि ती टिकली नाही. परिषदेचे सूत्रधार पं. भातखंडे यांना श्रुतींचे असे गणिती खिळे ठोकणे मान्य नव्हते. माझ्या मते भातखंडे येथे बरोबर होते, पण त्यामुळे देवल चूक ठरत नाहीत. देवलांनी दाखवलेला दोष खरा होता. त्यांचा उपाय तेवढा अपुरा होता. स्वर कितीही वाढवले तरी दोन पट्ट्यांमधली मींड पेटीत येत नाही, आणि आपल्या रागाचा जीव बहुधा त्या मधल्या वाटेवरच असतो.

पुढचा आघात सरकारी होता. ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने हार्मोनियमवर कठोर टीका केली, रवींद्रनाथ ठाकुरांनीही विरोधाला दुजोरा दिला, आणि १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. विनोद असा की पु. ल. देशपांडे यांच्यासारखा पेटीवेडा माणूस मधल्या काळात काही वर्षे याच खात्याच्या नोकरीत होता! रंगभूमीने मात्र हे फर्मान मनावर घेतले नाही. नाटक मंडळ्या कर्जाने मोडल्या, बोलपट आले, पण जिथे 'सौभद्र' लागे तिथे ऑर्गन येई.

बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणे महाजालावर सहज सापडतात. एखादे लावा आणि या वेळी गळ्याकडे नव्हे, त्याच्या मागे लक्ष द्या. ऑर्गनवादक गायकाच्या प्रत्येक हरकतीवर धावून जात नाही. जिथे गळा दोन स्वरांच्या मधून घसरत जातो, तिथे तो षड्ज-पंचम धरून स्वस्थ राहतो आणि गायक मुक्कामाला पोहोचला की तिथे त्याला भेटतो. मधली वाट सारंगी चालते. देवलांच्या चौदा सेंटांना या साथीदारांनी शोधलेली तोड ती हीच.

आणि एखाद्या रविवारी सातारा किंवा मिरजेतल्या मराठी उपासनेस जाण्याचा योग आला, तर टिळकांचे एखादे भजन कानी पडण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि त्याला साथ बहुधा हातपेटीची आणि तबल्याची असेल. ती हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केलेल्या घडणीची, म्हणजे पॅरिसच्या त्या १८४२ च्या वाद्याचीच नात.