येरमाळ्याच्या उन्हात चालणारा टायर मनालीच्या बर्फावर का घसरतो?

येरमाळ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्याकडे अजूनही 'सोलापूर-धुळे हायवे' म्हणूनच ओळखला जातो. पूर्वी त्याचा नंबर २११ होता. पण हा रस्ता धुळ्यात संपत नाही. खाली तो कर्नाटकात अंकोल्याला समुद्रापर्यंत जातो आणि वर इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबात संगरूरला पोहोचतो. म्हणजे येडेश्वरीच्या पाया पडून गाडीला स्टार्टर मारला, की एकाच नंबरचा रस्ता धरून हिमालयाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

आणि आता लोक जातातही. डिसेंबर उजाडला की एमएच २५ पासिंगच्या गाड्यांचे मनालीतले फोटो स्टेटसला दिसायला लागतात. अशाच एका डिसेंबरात गावाकडच्या मित्राचा फोन आला. "बार्शीतून चारी टायर नवे टाकलेत बघ. बर्फाचं काय टेन्शन नाही ना?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर होतं, "टेन्शन आहे." टायर नवा असणं आणि टायर बर्फासाठी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक नेमका काय, बर्फासाठी कोणते पर्याय असतात आणि आपल्याकडून जाणाऱ्या माणसाने काय करावं, ते समजून घेऊ.

सगळा खेळ ७ अंशांचा

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, हे आपण घरोघरी पाहिलंय. रबराचंही थोडंफार तसंच आहे. ते गोठत नाही, पण कडक होतं. आपल्याकडे गाडीला असतात ते टायर गरम रस्त्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यात पारा चाळिशी पार करतो आणि डांबर हवेपेक्षाही जास्त तापतं. अशा रस्त्यावर टायरचं रबर फार मऊ पडू नये, लवकर झिजू नये, म्हणून ते मुळातच टणक ठेवलेलं असतं.

तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हेच रबर आणखी कडक होतं आणि रस्त्याच्या बारीक खाचाखोचांना धरेनासं होतं. लक्षात घ्या, यासाठी बर्फ पडायलाच हवा असं नाही. नुसत्या थंडगार, कोरड्या रस्त्यावरही त्याची पकड कमी झालेली असते.

विंटर टायरचं मिश्रण वेगळं असतं. त्यात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण असं ठेवतात, की शून्याच्या खालीही टायर मऊ राहावा.

नक्षीतही फरक असतो

पहिल्या पावसानंतर काळ्या रानात चालताना चपलेला चिखल चिकटतो, तळवा भरून जातो आणि पाय घसरायला लागतो. टायरचंही चिखलात तेच होतं. म्हणून चिखलाच्या टायरला मोठ्या, मोकळ्या खाचा असतात, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो.

बर्फात गंमत उलटी आहे. भुसभुशीत बर्फ बर्फालाच चांगला धरतो. मुठीत दाबला की त्याचा गोळा होतो, तो याच गुणामुळे. त्यामुळे विंटर टायरची नक्षी बर्फ फेकून देण्याऐवजी खाचांमध्ये थोडा धरून ठेवते. खाचांतला बर्फ आणि रस्त्यावरचा बर्फ यांच्यात पकड तयार होते.

याशिवाय टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक रेषा असतात. त्यांना साइप्स म्हणतात. चाकावर भार आला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला पकडतात.

ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते?

प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. गाडी, पाच माणसं आणि डिकीतलं सामान, सगळं या चार तळहातांवर. ती पकड किती कमी होते, ते आकड्यांत पाहू. समजा गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे. पदार्थविज्ञानाच्या साध्या सूत्राने, घर्षणाचे सर्वसाधारण आकडे धरले तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर अंदाजे असं येतं :

- कोरडा डांबरी रस्ता : १३ मीटर
- ओला रस्ता : २० मीटर
- दाबून घट्ट झालेला बर्फ : ५० मीटर
- काचेसारखा कडक बर्फ : जवळपास १०० मीटर

समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी आणखी १४ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच. टायर कोणता आहे यावर हे आकडे कमी-जास्त होतात. विंटर टायरने बर्फावरचं अंतर बरंच घटतं. पण कोणताही टायर बर्फाचं डांबर करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्त्यावर पारदर्शक थर तयार होतो. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. रस्ता फक्त ओला वाटतो, म्हणून माणूस बेसावध राहतो.

कोणते पर्याय असतात?

१. आपले नेहमीचे टायर. उष्ण रस्ता आणि पाऊस यासाठी ठीक. बर्फावर सगळ्यांत कच्चे. खाचा पूर्ण भरलेल्या नव्या टायरचा थोडा फायदा होतो, पण रबर तेच राहतं.

२. ऑल सीझन टायर. उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातली तडजोड. हलक्या बर्फात चालतात, कडक बर्फावर विंटर टायरची बरोबरी करत नाहीत.

३. ऑल टेरेन आणि मड टायर. एसयूव्हीवर रुबाबदार दिसतात, म्हणून अनेकांचा गैरसमज होतो. खोल, मऊ बर्फात मोठ्या ठोकळ्यांचा उपयोग होतो. पण मड टायरवर साइप्स कमी असतात आणि रबर टणक असतं, त्यामुळे कडक बर्फावर तो सहज घसरतो. काही ऑल टेरेन टायर मात्र बर्फाची चाचणी पास झालेले असतात. ते कसं ओळखायचं, ते पुढे पाहू.

४. विंटर टायर, खिळ्यांशिवाय. बर्फाळ देशांत सर्वाधिक वापरले जाणारे. थंड रस्ता, चिखलमिश्रित बर्फ, घट्ट बर्फ या सगळ्यांवर भरवशाचे.

५. खिळ्यांचे विंटर टायर. रबरात धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात. कडक बर्फावर यांची पकड सर्वांत चांगली. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेमध्ये हे चालतात. पण मोकळ्या रस्त्यावर खिळे डांबर खरवडतात आणि धूळ उडते. म्हणून ऑस्लोसारख्या शहरात हे टायर वापरायचे तर शुल्क भरावं लागतं. जपानने तर धुळीच्या त्रासामुळे १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदाच केला.

६. साखळ्या. नेहमीच्या टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या. आपल्याकडच्या पर्यटकासाठी हाच सर्वांत व्यवहार्य पर्याय. काश्मीरमध्ये बर्फ पडला की तंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावर फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात.

टायरवरची खूण कशी वाचायची?

टायरच्या बाजूला 'एम' आणि 'एस' ही इंग्रजी अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ 'मड अँड स्नो'. पण या खुणेसाठी टायरला बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. खरी खूण वेगळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. ही असेल तर टायरने बर्फावरची ठरलेली चाचणी पार केली आहे, असं समजायचं.

जर्मनीने हा फरक कायद्यातच आणला. तिथे रस्त्यावर बर्फ असताना हिवाळ्याचे टायर नसतील तर दंड होतो. आधी 'एम-एस' टायरही चालायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगर-चांदणीची खूण ग्राह्य धरली जाते. त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी मुलांना सेकंडहँड गाडी घेताना 'टायरचे दोन सेट आहेत का?' हा प्रश्न विचारावाच लागतो. ऑक्टोबर ते ईस्टर एक सेट, उरलेले महिने दुसरा, असं तिथलं गणित आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. ऑस्ट्रियात तर विंटर टायरची खाच ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की तो विंटर टायर म्हणून धरलाच जात नाही.

मग आपणही विंटर टायर घ्यायचे का?

नाही. मराठवाड्यातल्या दुकानांत ते सहसा मिळत नाहीत, आणि मिळाले तरी परवडणार नाहीत. मऊ रबर आपल्या तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजतं. शिवाय उन्हात विंटर टायरचं ब्रेकिंग नेहमीच्या टायरपेक्षा वाईट असतं. येरमाळा ते मनाली हे जवळपास दोन हजार किलोमीटरचं अंतर आहे, आणि त्यातला बर्फाचा तुकडा अगदी शेवटचा. तेवढ्यासाठी सगळा प्रवास चुकीच्या टायरवर करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा हे करा :

साखळ्या सोबत ठेवा, पण आधी घरी लावून पाहा. टायरच्या मापाच्याच घ्या. त्या इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ती पुढची चाकं असतात, पण बोलेरोसारख्या गाडीत मागची. अंगणात दोनदा सराव केला, तर उणे तापमानात बोटं बधिर झालेली असताना फजिती होत नाही. साखळ्या लावल्यावर वेग फार तर ताशी ४०, आणि मोकळं डांबर आलं की लगेच काढायच्या.

हवा तिथे पोहोचल्यावर तपासा. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब १ पीएसआयने कमी होतो. ३५ अंशांतून उणे ५ मध्ये गेलात तर ही घट ६-७ पीएसआयपर्यंत जाते. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, त्यामुळे गेज उलट थोडा जास्त दाखवतो. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. म्हणून अंदाज बांधण्याऐवजी सकाळी, टायर थंड असताना मोजा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा.

फोर बाय फोरवर जास्त विसंबू नका. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी बर्फातून निघते आणि चढ चढते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतो. थांबताना फोर बाय फोरचा वेगळा फायदा मिळत नाही. थांबवतो तो टायरच.

सगळं हळुवार करा. खालचा गिअर, कमी वेग, समोरच्या गाडीपासून भरपूर अंतर. उतारावर इंजिनाने गाडी आवरा. अचानक ब्रेक, अचानक स्टेअरिंग, हँडब्रेक यातलं काहीच नको.

आणि गरज पडली तर गाडी लावून टाका. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे सोलंग किंवा अटल बोगद्याकडे पोलीस अनेकदा फोर बाय फोर गाड्यांनाच सोडतात. ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला हा ९ किलोमीटरचा बोगदा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा असतो, पण बाहेर पडताच समोर बर्फ असू शकतो. अशा वेळी तिथल्या ड्रायव्हरची गाडी भाड्याने घेणं हाच शहाणपणा. तो रस्ता त्याच्या रोजच्या पायाखालचा असतो.

मनालीला जायचंच नसेल तर?

तरी टायर बघायचाच आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून जो निसरडा थर होतो, तो कमी धोक्याचा नाही. त्यात टायर गुळगुळीत असेल तर साचलेलं पाणी खाचांतून निघून जात नाही आणि चाक पाण्यावर तरंगायला लागतं.

आपल्या नियमांनुसार कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. ती मोजायला यंत्र लागत नाही. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. टायरचं वय बाजूच्या चार अंकांवरून कळतं. '२४२३' म्हणजे २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासावे लागले होते. ती तपासणी आपल्या दारात आपणच केली तर पाच मिनिटांत होते.

मित्राचं काय झालं? त्याने साखळ्या घेतल्या, अंगणात एकदा लावूनही पाहिल्या. मनालीत पोहोचले त्या रात्री बर्फ पडला. सकाळी त्याने गाडी हॉटेलवरच ठेवली आणि तिथल्याच एका ड्रायव्हरबरोबर पुढे गेले. साखळ्या डिकीतच राहिल्या. "पैसे वाया गेले म्हणायचे," तो फोनवर म्हणाला. पाचही जण सुखरूप घरी आले होते, त्यामुळे मी काही वाद घातला नाही.